रक्तदाबाची गोळी

"अप्पांना गोळ्या कोण देतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वहिनी," वृंदाने भावजयीकडे बोट दाखवलं. वडील दोनदा चक्कर येऊन पडल्यापासून तिला संशय होता, रेवती मुद्दामच रक्तदाबाची गोळी जास्त देते.

"एकच देते हो, वन्सं," रेवती पुटपुटली.

डॉक्टरांनी पाकिटं तपासली. गोळ्या बरोबर होत्या. "खाण्यात नवीन काही?"

"रोज पपनस!" अप्पा खुशीत म्हणाले. "वृंदा पाठवते ना."

"ते बंद करा. शरीरातलं एक एन्झाइम ही गोळी मोडतं. पपनस त्यालाच अडवतं, म्हणून एकच गोळी दोन-तीन गोळ्यांसारखी चढते."

वृंदाचा चेहरा उतरला. बाहेर चपला घालताना ती म्हणाली, "वहिनी, मी उगाच..."

रेवतीने अप्पांचा हात तिच्या हातात दिला. "धरा नीट. पायरी उंच आहे."