पेरभर मोठा पंजा

“कुणाला पटायचं नाही,” सुमोच्या आखाड्यातले म्हातारे वस्ताद चाहत्यांना पैलवानी खुराकाचा, चान्कोचा रस्सा वाढत म्हणाले, “पण काल समोरच्यानं ह्या इवानामीला थापडांवर थापडा हाणल्या, ह्याचा जबडा फुटला, दात रिंगणात सांडले, रक्त माझ्या मांडीवर उडालं, तरी ह्या वाघानं पापणी हलवली नाही! मग एका धडकेत त्याच्या बरगड्या मोडल्या.” शेजारी बसलेल्या इवानामीचे दात जागच्या जागी होते, पण डोकं वर्षभर ठणकत होतं. चाहत्यांसाठी त्यानं शाईत बुडवलेला पंजा कागदावर दाबला. भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या ठशाहून तो पेरभर मोठा उमटला. “तिशीतही हात वाढतोय?” चाहत्यांतली डॉक्टरीण दचकली. “मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ असेल. ती डोळ्यांच्या नसा दाबेल, डोळे जातील. उद्याची कुस्ती सोडा, तपासून घ्या.” “बाई, माझ्या रश्श्याचा गुण!” वस्ताद खिदळले. “वाघ थापडेला भीत नाही.” इवानामी ओरडला, “खोटं, वस्ताद. बाजूनं येणारी एकही थापड मला दिसलीच नाही.”