बाहेरच्या माणसाची साक्ष

"सापळेसाहेब, संशयितांच्या यादीत तुमच्या नावाचा माणूस निघालाय," विमानतळाच्या तपासणी-खिडकीतून सोनावळे ओशाळून म्हणाला. एरवी याच खिडकीत बसणारे सापळे आज रजेवर होते. मस्कतला लेकीचे दिवस भरले होते आणि विमान सुटायला आलं होतं.

"गाढवा, काल माझ्या डब्यातलं भरीत खाल्लंस ना?"

"खाल्लं, साहेब. पण सोडायला बाहेरच्या माणसाची साक्ष लागते, सरकारी नोकराची चालत नाही. नियम तुम्हीच काढलाय."

रांगेतले श्रीवर्धनचे काझीचाचा पुढे झाले. "हे सापळेच. नाव जुळतं म्हणून यांनी मला चारदा बसवून ठेवलंय, चेहरा विसरेन होय?" त्यांनी सही ठोकली आणि सापळे सुटले.

मग काझींचा पासपोर्ट लावताच संगणकाचा पडदा लाल झाला. सोनावळेनं सापळ्यांकडे पाहिलं, सापळ्यांनी आपल्या बुटांकडे.

"तुम्ही निघा साहेब, लेक वाट बघत असेल," काझी म्हणाले. "माझी खुर्ची मला ठाऊक आहे."

सापळे निघाले. विमानात पट्टा बांधताना त्यांच्या तोंडून "माफ करा" निघालं. शेजारच्या अनोळखी माणसानं "काही हरकत नाही" म्हणत पाय आवरून घेतले.