गोऱ्याची गाडी

राजकुमारनं पाचव्यांदा किक मारली आणि मोटारसायकल सुरू झाली.

शेडचे पत्रे थरथरले. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. इंजिनाच्या बाहेर बसवलेलं ते भलंमोठं चाक इतकं झोकात फिरत होतं, की हसावं की रडावं ते राजकुमारला कळेना. इटलीची मोटो गुझी, सत्तर वर्षांची म्हातारी, बजाजनगरातल्या एका घरामागच्या शेडमध्ये पुन्हा बोलायला लागली होती.

"आबा, बघा!"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्याचे वडील धोंडिबा उठले, काठी घेतली आणि घरात निघून गेले. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. म्हाताऱ्याचा ऊर भरून आला असणार, असं राजकुमारनं धरलं.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी ही गाडी वेरूळला धोंडिबांच्या गोठ्यात कडब्याखाली दिसली, तेव्हा राजकुमार पाच वर्षांचा होता. लेणी बघायला आलेल्या कुणा गोऱ्याची ती असणार, एवढं गावानं ओळखलं. गोरा मात्र कुणी पाहिला नव्हता. फिर्याद नाही म्हणून केसही झाली नाही, पण धोंडिबांना नाव पडलं ते पडलंच. चुलतभाऊ कचरू तर भर बाजारात विचारायचा, "काय चोरा, आज कुणाची गाडी?" धोंडिबा मान खाली घालून पुढं जायचे. शेवटी गाव सोडून ते शहरात आले. येताना गाडी ट्रकात घालून आणली. ती कधी चालवली नाही, कधी विकली नाही.

आई सांगायची, "गोरा ठेवून गेलता. येतो म्हणला." राजकुमारनं ते वाक्य जन्मभर घट्ट धरून ठेवलं. शाळेत पोरं 'चोराचा पोरगा' म्हणायची तेव्हा त्याला पोरांपेक्षा बापाचाच जास्त राग यायचा. हा माणूस एकदा तरी तोंड उघडून 'नाही' का म्हणत नाही?

वाळूजच्या कंपनीतल्या टूलरूममधून त्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि गाडीमागं लागला. दीड वर्ष जिवाचं रान केलं. पिस्टनच्या रिंगा मिळेनात, तेव्हा दुसऱ्याच गाडीच्या आणून घासून बसवल्या. बुश स्वतः लेथवर कातले. बायको म्हणाली, माझ्या गुडघ्यांकडं असं लक्ष दिलं असतं तर मी आज पळाले असते. एका दुपारी गंज खरवडताना चॅसीवर ठोकलेला नंबर उघडा पडला. मुलगी सोनियानं तो इटलीतल्या जुन्या गाड्यांच्या एका क्लबला कळवला; मालक आजोबांकडं गाडी ठेवून गेला होता, हेही लिहिलं.

"नंबर कशापायी धाडला?" धोंडिबांनी विचारलं.

"मालक सापडंल ना, आबा. त्याची वस्तू त्याला देऊन टाकू. मंग कोण चोर म्हणतंय, बघतो मी."

"नाय सापडायचा मालक."

"का नाय?"

धोंडिबा तंबाखू मळत राहिले. "लई दिवस झाले," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी इलारिया नावाच्या बाईचा मेल आला. गाडी माझ्या वडिलांची आहे. वडील आता नाहीत. मी येते, तोवर गाडी कुणाला देऊ नका. एवढंच होतं त्यात.

राजकुमारला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं अंगणात मांडव घातला, शाल आणि नारळ आणला, आणि वेरूळहून जीपभर माणसं बोलावली. ज्यांनी ज्यांनी चोर म्हटलं होतं त्यांतली जिवंत होती तेवढी सगळी. कचरूला पहिल्या रांगेत बसवलं.

"मला गंगापूरला सोड. बहिणीकडं राहतो दोन दिस," धोंडिबा आदल्या सकाळी म्हणाले.

"तुमचाच तर सत्कार हाये, आबा!"

इलारिया आली. पन्नाशीची, पांढऱ्या केसांची, साध्या कपड्यांतली बाई. तिनं गाडीच्या टाकीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. राजकुमारनं तिच्या हातात किल्ली दिली.

"सोनिया, त्यांना म्हण, समद्यांसमोर सांगा. माझ्या बापानं गाडी चोरली नाय."

सोनियानं इंग्रजीत विचारलं. बाई ठामपणे काहीतरी बोलली.

"त्या म्हणतात, चोर कधी मालकाला शोधत नसतो. आजोबा भला माणूस आहे."

तिनंच धोंडिबांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या पडल्या. कचरू काठी टेकत उठला आणि त्यानं सगळ्यांदेखत हात जोडले. "चुकलं माझं, धोंडिबा."

राजकुमारनं डोळे पुसले. ह्या तीन शब्दांसाठी त्यानं दीड वर्ष नखांतलं ग्रीस काढलं नव्हतं.

मग बाईनं पर्समधून एक फोटो काढून धोंडिबांच्या हातात दिला. दाढीवाला तरुण, शेजारी हीच गाडी. ती हळू आवाजात बोलत राहिली. सोनिया आधी पटापट सांगत होती, मग अडखळायला लागली.

"पप्पा, त्या म्हणतात... गाडी तुम्हीच ठेवा. त्यांना गाडी नकोय. त्यांचे वडील घरी परत गेलेच नाहीत. त्या चार वर्षांच्या होत्या तेव्हापासून घरचे शोधतायत. ते भारतात आले होते हेसुद्धा आपला नंबर मिळाल्यावर कळलं त्यांना." तिनं आजोबांकडं पाहिलं. "शेवटचं आजोबांनीच पाहिलंय. इथून ते कुठं गेले, तेवढं विचारायला त्या आल्यात."

राजकुमार बापाकडं वळला.

धोंडिबा घाईघाईनं उभे राहिले. अंगावरची शाल त्यांनी ओढून काढली.

"चोरच हाये मी," ते कचरूकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "गाडी चोरली मी. तेवढंच केलं."