क्लेटनचे श्रोते

घराण्यातलं रामनवमीचं कीर्तन चुकवणार नाही, असा शब्द यतिनने परदेशी शिकायला निघताना बाबांना दिला होता. म्हणून क्लेटनच्या हॉस्टेलवर त्याने खोलीत चादर अंथरली, उपरणं घेतलं आणि सगळ्या मित्रांना मेसेज टाकले. कोणाची शिफ्ट होती, कोणाची असाइनमेंट. "सॉरी यार, नेक्स्ट टाइम पक्का."

रिकाम्या चादरीसमोर त्याने पूर्वरंग केला, आख्यान लावलं. पहिल्या विनोदाला हसायला कोणीच नव्हतं, मग पुढचे गाळले. आरतीला कापूर लावला, आणि छतावरचा स्मोक अलार्म ठणाणा करू लागला.

थोड्याच वेळात अग्निशमन दलाचे चार धिप्पाड जवान दारात उभे. यतिन हात जोडून सॉरी सॉरी म्हणत राहिला. "नो वरीज, मेट," त्यांच्यातला थोरला हसला. मग काय, यतिनने चौघांच्या हातावर सुंठवडा ठेवला. त्यांनी हेल्मेट काढून तो खाल्ला.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "काय रे, कोणी होतं का ऐकायला?"

"चौघं आले होते, बाबा. पण अगदी शेवटी, प्रसादाला."



"मग आपल्याच गावचे असणार."