खोडलेल्या शब्दाखाली

"हो," यंत्र म्हणाले. कोणी काही बोलण्याच्या आत ते पुन्हा म्हणू लागले, "हो. हो. हो. हो. हो."

"अहो अप्पा, एवढी घाई?" दादा हसला. "ऐकलंत ना साहेब? वृद्धनिवासात जाल का, असं आम्ही विचारलं एकदा, त्यांनी सांगितलं सहादा. उद्याच नेऊन सोडतो."

वृद्धनिवासाचा व्यवस्थापकही हसला. त्याच्या रुमालाला अत्तराचा इतका उग्र दर्प होता की आजाऱ्याच्या खोलीतील जंतुनाशकाचा वासही त्यापुढे सुसह्य वाटावा. "आमचे आजोबा शहाणे आहेत हो," असे म्हणत, अप्पांकडे न पाहताच, त्याने संमतिपत्राच्या रिकाम्या चौकटीत ठळक अक्षरांत 'हो' लिहिले.

आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताने अप्पांची वाचा नेली होती. डावा हात तेवढा उरला होता, तोही थरथरता. त्या हाताच्या एका बोटासाठी त्यांच्या मुलीने, दादाच्या धाकट्या बहिणीने, हा खटाटोप केला होता. मोबाइलचे ॲप लिहिणे हाच तिचा व्यवसाय. टॅबलेटच्या पडद्यावर एक मोठी चौकट, तिच्या आत दोन शब्द, 'हो' आणि 'नाही'. ज्याला बोट लावावे तो शब्द यंत्र उच्चारी.

चौकटीत शब्द बसवला की एक नियम आपोआप येतो. बोटाचा स्पर्श आधी बाहेरच्या चौकटीच्या हाती पडतो. ती तो आतल्या शब्दाकडे सोपवते. परंतु बोट किंचित सरकले, तर दिलेला स्पर्श ती काढूनही घेऊ शकते. मग आतल्या शब्दाला एवढेच कळवले जाते की, तुझा स्पर्श रद्द. चाचणीच्या वेळी हे डोळ्यांना दिसावे म्हणून रद्द झालेल्या शब्दावर तांबडी आडवी रेघ उमटण्याची योजना तिने केली होती. ती रेघ काढायची राहून गेली.

आणि काढून घेतलेल्या स्पर्शाचे चौकटीने काय करावे? ते दादाने सुचवले होते. "शब्दाबाहेर कुठेही बोट लागलं तर हो समज. कशाला त्रास म्हाताऱ्या माणसाला? अप्पा कधी कशाला नाही म्हणालेत का?" धाकटी घाईत होती. तिने तसे लिहून टाकले.

अप्पांनी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ दिसला की घासात केस लागल्यासारखे त्यांचे तोंड होई. रविवारी ते घरी कागद आणीत, आणि तांबड्या शाईच्या दौतीच्या दोन बाजूंना दोन मुले बसत. शब्द कसा खोडावा, तुटलेला कसा जोडावा, सगळ्या खुणा दोघांना पाठ झाल्या होत्या. खोडलेला शब्दच बरोबर होता असे मागाहून ध्यानात आले, तर अप्पा तो पुन्हा लिहीत नसत. त्याच्याखाली ओळीने ठिपके देत. "ठिपके दिले की खोडलेला शब्द जिवंत," ते म्हणत. "मग त्याला हात लावायची छापखान्याची टाप नाही."

यंत्र सहादा का बोलले, हे मात्र धाकटीच्या मनातून जाईना. बोट भरकटले असावे, असे समजून तिने टॅबलेट मांडीवर घेतला आणि स्पर्शांची नोंद उघडली. तीत प्रत्येक स्पर्श ज्या जागी झाला त्या जागी एक बिंदू होऊन दिसतो.

पहिला स्पर्श 'नाही'च्या बरोबर मध्यावर होता. बोट थरथरले होते, केसभर सरकले होते. चौकटीने स्पर्श काढून घेतला होता. 'नाही'वर तांबडी रेघ उमटली होती, आणि यंत्र 'हो' म्हणाले होते.

पुढचे पाच स्पर्श भरकटलेले नव्हते. खोडलेल्या 'नाही'च्या खाली, डावीकडून उजवीकडे, एका ओळीत, सारख्या अंतरावर पाच बिंदू.

तिने पडदा दादापुढे धरला. त्याला समजावून सांगावे लागले नाही. तोही त्याच दौतीपाशी शिकला होता. त्याचे हसू मावळले. व्यवस्थापकाकडे चोरटी नजर टाकून तो हलक्या आवाजात म्हणाला, "पुसून टाक ते. कोणाला कळतंय?"

धाकटीला त्याची किळस आली, त्या अत्तराची आली. परंतु सर्वांहून अधिक आली ती यंत्रासाठी स्वतःच्या हातांनी लिहिलेल्या त्या एका ओळीची. जाऊन हात धुवावेत असे तिला वाटले. तिने व्यवस्थापकापुढचे संमतिपत्र ओढून घेतले, त्याच्याच लेखणीने 'हो'वर आडवी रेघ मारली.

"अगं, तू कोण खोडणारी?" दादा म्हणाला.

"मी कोणी नाही. ठिपके द्यायचे असतील तर अप्पा देतील."

तिने कागद अप्पांच्या मांडीवर ठेवला आणि लेखणी त्यांच्या डाव्या हातात दिली. अप्पांनी मान लववून तो खोडलेला 'हो' वाचला, पुन्हा एकदा वाचला. आणि निर्दोष पान छपाईला परत द्यावे तसा तो कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला, एकही ठिपका न देता.