लास व्हेगसची संकष्टी

गळ्याची शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. चंद्राने आमच्या मृणालिनीला डोळा मारला. लास व्हेगसला, भर रस्त्यात, शंभर माणसांसमोर. आणि तोही संकष्टीच्या दिवशी, ती सकाळच्या चार चमचे साबुदाण्यावर उभी असताना.

रस्त्याच्या वरून पायी जायचा तो पूल, संध्याकाळची वेळ. तिचा मुलगा संजीव पुढे धावला आणि ओरडला, "आई, ये लवकर! निघाला बघ चंद्र!"

दोन हॉटेलांच्या फटीतून खरोखर एवढा थोरला चंद्र वर आला होता. डागांसकट. मृणालिनीला अगदी भरून आलं. दोन दिवस तिने त्या गावात खोटंच सगळं पाहिलं होतं. खोटा आयफेल टॉवर, खोटा कालवा, कालव्यावर रंगवलेलं आभाळ. पाहिलं आणि मजाही केली हो, खोट्याचं तिला काही वावडं नाही. फक्त जुगाराच्या मशीनच्या रांगांमधून जाताना सलवार दोन बोटांनी वर धरायची, खाली चिखल असल्यासारखी. एका मशीनला तिने हात म्हणून लावला नाही.

तिने पर्समधून अक्षता काढल्या आणि चंद्राला वाहिल्या. त्या पडल्या पुढे उभ्या असलेल्या जोडप्याच्या डोक्यावर. "काँग्रॅच्युलेशन्स!" मागून कोणीतरी ओरडलं. तिकडे तांदूळ उडाले की लग्न लागलं असंच समजतात. टाळ्या पडल्या, ती दोघं बिचारी लाजली. मृणालिनीने संजीवच्या घरून, सनीव्हेलहून आणलेला डबा उघडला, तळणीचा मोदक उचलला, तोंडाशी नेला, आणि चंद्राने एक डोळा मिटला.

मग उघडला. मग दात काढून हसला. मग त्याचा बास्केटबॉल झाला.

पूल सगळा खिदळला. नात रुही तेवढी हसली नाही. "आजी, इट्स अ थिएटर. गोल आहे ना, त्याला बाहेरून नुसते लाइट्स आहेत. डॅड, दॅट्स सो मीन!"

मृणालिनीने मोदक परत ठेवला. डब्याचं झाकण दाबून लावलं.

"तुला माहीत होतं?"

"अगं आई, आठचं बुफेचं रिझर्व्हेशन आहे," संजीव म्हणाला. "सकाळपासून तू उपाशी. वर बघ, सगळं ढगाळ आहे. ॲपवर चंद्रोदय केव्हाच होऊन गेलाय. ढगांच्या मागे आहेच ना तो!"

"आहे?"

"असणारच. घे ना चान्स, एवढं काय त्यात!"

"मी जुगार खेळत नाही," मृणालिनी म्हणाली.

"पुण्यात पावसाळ्यात तू वेळ बघूनच जेवायचीस की!"

"जेवायचे. ते ढग आपले आपण यायचे. मला फसवायला कोणी आणून उभे केलेले नसायचे."

सून रीमा तोंड फिरवून हसली.

"तुम्ही जा, जेवून घ्या," मृणालिनी म्हणाली. "मला खरा दिसला की मी जेवीन. नाही दिसला तर नाही जेवणार. मी काय लहान मूल आहे, बाहुली दाखवली की तोंड उघडायला?"

रीमा आणि रुही बुफेला गेल्या. मृणालिनी निघाली ती थेट हॉटेलच्या पार्किंगच्या गच्चीवर, दिवे त्यातल्या त्यात कमी तिथे. मागोमाग संजीव, खाली मान घालून. फोनवर रुहीने बुफेतून पाठवलेले जिलेबीचे फोटो येत होते, ते बघत.

थोड्या वेळाने सिक्युरिटीवाला आला. छोट्या गाडीतून, टॉर्च घेऊन. "मॅम, काही हरवलंय का?"

"या गावात काही न हरवलेली मी एकटीच असेन," मृणालिनी म्हणाली. "मी चंद्र बघायला आलेय. ते समोरचे दिवे पाच मिनिटं बंद करता येतील का?"

सिक्युरिटीवाल्याने अख्ख्या रस्त्याकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, सुपरवायझरला विचारून बघतो. आणि गेला तो गेलाच.

गाडीचं चाक अडवायला सिमेंटचा ठोकळा असतो ना, त्यावर ती बसली. तो गोळा तिकडे पुन्हा चंद्र झाला होता. तिने त्याच्याकडे पाठ केली.

"आई, सॉरी."

ती जरा सरकली. संजीव शेजारी बसला.

"तू जेवायला का नाही गेलास?"

"नाही गेलो."

तेवढ्यात ढग फाटले आणि चंद्र निघाला. मायलेकांनी हात जोडले आणि एकेक मोदक खाल्ला.

बरं, एक सांगून टाकते, नाहीतर मला झोप लागायची नाही. ढग काही फाटले नाहीत. दोघं तशीच उपाशी झोपली. चंद्र दिसला दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच गच्चीवर, गाडीत बॅगा भरताना. पश्चिमेला, हॉटेलांच्या वर, फिका, एका बाजूने झिजलेला. खाली तो थोरला गोळा विझून काळा पडला होता. मोदक खाल्ले ते तेव्हा, भर उन्हात उभ्या उभ्या. पण डोळा मारणाऱ्या चंद्रानंतर मी उन्हातला चंद्र सांगितला असता, तर तुमच्यातल्या एकाने तरी विश्वास ठेवला असता का?