शेवटचा उमेदवार

कोथरूडचं रोजगार मदत केंद्र बंद पडून दोन वर्षं झाली, तिथले कारकून रंगनाथराव घरी बसले. पण हे दत्तप्रसादला सांगायची त्यांची छाती होईना. चाळिशीचा माणूस, दर एक तारखेला आशेनं कार्डावर शिक्का मारून घ्यायला यायचा. केंद्राच्या जागेत आता हेमाताईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. मग एक तारीख आली, की रंगनाथराव तिथे जुनी पाटी टांगून कोपऱ्यातलं टेबल अडवून बसायचे.

आजही त्यांनी दणकन शिक्का मारला. "धीर सोडू नका. आज ना उद्या नोकरी लागेल."

"तुम्ही आहात म्हणून चाललंय, साहेब," म्हणत दत्तप्रसाद गेला.

"अहो काका, पुरे करा हे नाटक!" हेमाताई वैतागल्या. "केंद्र बंद झालंय, ते माहितीये त्याला. गेल्या दिवाळीपासून हिंजवडीत कामाला आहे तो. रजा टाकून येतो. म्हणतो, साहेबांना कळू देऊ नका, त्यांच्याकडे दुसरं जातंय कोण?"

रंगनाथराव बराच वेळ शिक्का पुसत राहिले.

"पुढच्या वेळी टेबल पंख्याखाली घेऊ या," ते म्हणाले. "इथं फार उकडतं हो त्याला."